कॅल्शियमचं पाणी

सौमित्रने पोहे संपवले, पण कॅल्शियमच्या पाण्याला हात लावला नाही.

“घ्या ना,” केतकीची आत्या म्हणाली. “हल्ली औषधं घेऊन सगळेच तिशीतले दिसतात. हे प्यायल्यावर रक्तातलं हार्मोन किती उतरतं, त्यावरूनच खरं वय कळतं. आमच्या केतकीनेही मघाशी घेतलं.”

सौमित्रने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. पिकल्या केसांच्या त्या बाईने मान खाली घातली. मग त्याने एका दमात ग्लास रिकामा केला.

थोड्याच वेळात त्याच्या मनगटावर बांधलेल्या पट्टीवर आकडा उमटला. एकसष्ट!

“पट्टी बायकांसाठी लावलेली असेल,” सौमित्र घाईघाईने म्हणाला. “पुरुषांचं हार्मोन वेगळं वागतं.”

केतकीचा जीव भांड्यात पडला. तिला तो आवडला होता, आणि तिची पट्टी काढून तशीच त्याला बांधली होती हेही खरंच होतं. तिने पट्टीवरच्या ‘पुरुष’वर टिचकी मारली. आकडा हलला आणि अडुसष्टवर थांबला.

शेवटी त्याची आई उठली, तिने पर्स खांद्याला लावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली, “चला आता घरी.”