सात तासांची वाट

जुन्या कागदांनुसार शत्रूची खबर घेऊन निघालेला निरोप्या सात तासांनी गडावर पोहोचला, तोवर गड पडला होता. तेव्हापासून लोक त्याच्याच नावाने खडे फोडत आले. त्याच्यावर कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेने त्याला वाटेत प्रेयसीकडे जेवायला थांबवलं आणि त्यातलं सगळ्यात देखणं प्रकरण लिहिलं. पण छापायला देण्याआधी अंतर पडताळायची तिची खोड. शर्यती जिंकणाऱ्या भावाला तिने त्याच वाटेवर पिटाळलं आणि स्वतः घड्याळ घेऊन गडाच्या दारात बसली. भाऊ आठ तासांनी धापा टाकत पोहोचला. “कुठे टेकलास का रे?” “पाणीसुद्धा धावताधावता प्यायलो, ताई!” तिने मांडीवरच्या हस्तलिखितात त्या प्रकरणाच्या अकराही पानांवर फुली मारली. “अगं, वेड लागलं का? वाचून लोक ढसाढसा रडले असते!” “तो ऊर फुटेस्तोवर धावत होता रे,” ती म्हणाली, “आणि मी त्याला जेवायला बसवलं.”