कोऱ्या नोटा

"हात पूस आधी, आई," हिमानी म्हणाली.

पंचफुलाबाईंनी पदराला हात पुसले आणि डॉलरची नोट उन्हात धरली. सौसरच्या त्या घराच्या ओट्यावर जानेवारीचं कोवळं ऊन होतं. मागच्या बगिच्यातल्या संत्र्यांना बहर आला होता आणि त्या वासानं सगळं घर अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

"याच्यावर तर कोणी साधी रेघ नाही मारली."

"नाहीच पाहिजे. शाई, डाग, काहीही दिसलं की तिकडे घेत नाहीत."

"मंग?"

"मंग काय, तशीच परत आणायची."

"अस्सं," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि नोट पाकिटात सरकवली.

उद्या हिमानी व्हिएतनामला निघणार होती. आठ दिवस, फिरायला. वडील गेल्यापासून ती पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळच्या बसने आईकडे परत यायची. चार वर्षांत ती कुठे गेली नव्हती. नोटा तिनं नागपूरहून आणल्या होत्या.

"थांब, परीक्षा घेतो तुयी," आई म्हणाली. "विमानतळावर बदलशील?"

"नाही. तिथे भाव कमी देतात. बँकेत, पासपोर्ट दाखवून."

"रस्त्यात कोणी भला माणूस म्हणाला, मी जास्त देतो?"

"हसायचं अन् पुढे जायचं."

"अन् कार्ड?"

"बँकेच्या आतल्याच मशीनमध्ये. मशीन विचारते, रुपयांत हिशोब करू का? तर नाही म्हणायचं."

"आपलेच रुपये, अन् नाही म्हणायचं?"

"त्याच्यातच लुटतात, आई."

"बाप्पा! आपल्यावाणी बोलून लुटतात म्हण." आई हसली. मग तिची नजर उघड्या बॅगेवर गेली. "दोन-दोन स्वेटर? आठ दिवसाले?"

"थंडी असते तिकडे."

"अन् हे सर्टिफिकेटं?"

"विचारतात कधीकधी."

"गाडी तुया डिंपलकडे काहून ठेवली?"

"उभी राहिली की बॅटरी उतरते."

पंचफुलाबाईंनी मान हलवली. त्या फार खोदून विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुपारी त्या बाजारात जाऊन आल्या आणि आल्यावर बराच वेळ देवघरात बसून राहिल्या. सकाळी त्यांनी हिमानीच्या हातावर दही ठेवलं आणि पाकीट स्वतःच तिच्या पर्समध्ये घातलं.

हनोईत धुकं होतं. शहरातल्या तळ्याचा दुसरा काठ दिसत नव्हता. तिथल्या नव्या वर्षाचे दिवस जवळ आले होते आणि रस्त्यानं संत्र्यांची झाडं चालली होती. स्कूटरला मागे बांधलेली, कुंडीसकट, बोराएवढ्या फळांनी लगडलेली. धुक्यात स्कूटर दिसायची नाही. नुसतं झाड तरंगत जायचं. हे आईला सांगायला हवं, असं मनात घोळवत हिमानी बँकेत शिरली.

काउंटरवरच्या मुलीनं पाकीट उघडलं, एक नोट पाहिली, दुसरी पाहिली, आणि सगळ्या परत सरकवल्या.

प्रत्येक नोटेवरच्या माणसाच्या कपाळावर कुंकू होतं.

त्यांच्या घरची रीतच होती ती. संत्री विकून आलेला पैसा असो की पगार, घरातून बाहेर जायच्या आधी त्याला कुंकू लागायचं. हिमानीनं ओल्या रुमालानं एक नोट पुसून पाहिली. डाग आणखी पसरला.

बाहेर एक माणूस वाटच पाहत असल्यासारखा उभा होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "डाग चालेल मला. निम्म्या भावात. या गल्लीत चला." कार्डावर थोडेच पैसे होते. ती त्याच्यामागे दोन पावलं गेलीसुद्धा. मग थांबली, हसली आणि मागे फिरून पुन्हा बँकेत शिरली. आतल्या मशीननं प्रेमानं विचारलं, रुपयांत हिशोब करायचा का? तिनं नाहीचं बटण दाबलं. दोन-दोन लाख डाँगच्या, पण फार दिवस न पुरणाऱ्या नोटा बाहेर आल्या.

तिनं तिथूनच फोन लावला.

"सगळ्या वाया गेल्या, आई! सांगितलं होतं ना तुला?"

"घरातून निघालेल्या पैशाले कुंकू लावतोच ना मी."

"तुला काही सांगून उपयोगच नाही."

"रागावू नको, माय. एकही नाही घेतली का त्याईनं?"

"एकही नाही!"



"मंग जपून ठेव," आई म्हणाली. "परत आणजो."

हिमानीनं फोन बंद केला. तरंगणाऱ्या झाडांचं सांगायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मधुकरकाकांचा फोन आला. आई ओट्यावर उन्हात बसली होती, बसल्या बसल्याच गेली.

तेरावं झाल्यावर डिंपल भेटायला आली. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. डिंपलचं बाजारात बांगड्या-कुंकवाचं दुकान होतं.

"काकू शेवटच्या दिसल्या त्या दुकानातच," ती म्हणाली. "तू निघाली त्याच्या आदल्या दिवशी. म्हणे, पक्कं कुंकू दे, पुसून निघालं नाही पाहिजे. म्हटलं, काकू, कोणतंही पुसलं की निघते. तर विचारून राहिल्या, अन् कागदावर, तेलात कालवून लावलं तर? म्हटलं, मग कागद फाटेल, डाग नाही जाणार. इतक्या खूश झाल्या! काय करणार होत्या, कोण जाणे."



"गाडी केव्हा नेतेस?" डिंपलनं विचारलं. थोड्या वेळानं ती उठली आणि जाताना फाटक ओढून घेऊन गेली.

बगिच्यात फुलं गळून गेली होती. त्यांच्या जागी मुगाएवढी हिरवी फळं धरली होती. हिमानी बराच वेळ ओट्यावर बसली. मग घराकडे तोंड करून, आत कोणी ऐकत असावं इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"आई, तिकडच्या शाळेत नोकरी लागली होती मला. मी परत येणार नव्हते."