चार फेऱ्या

इनामदारांनी मोबाइल टेबलावर सरकवला. “कोकणातलीच घे. समुद्रात पोहायचं, मग किनाऱ्याने सायकल, आणि शेवटी धावत थेट बंदरापर्यंत. पहिली मोठी ट्रायथलॉन आहे तुझी. जन्मभर लक्षात राहील.”

दत्ताने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. “मी धरणावरची घेतो. एकाच रस्त्याच्या चार फेऱ्या आहेत.”

“घाण्याच्या बैलासारख्या? आणि तू?”

“दर फेरीला ही दिसेल ना मला,” दत्ता पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला. इनामदार हसले, वहिनींना चिडवून निघून गेले.

शैलाला हसू आलं नव्हतं. गेल्या वाटेने परत यायचं म्हटलं की कंटाळणारा हा माणूस. त्याने रविवारी सायकलवरून येताना स्वतःच्याच कॉलनीच्या तोंडाशी उभं राहून तिला फोन केला होता. आपलं घर कुठल्या बाजूला, असं विचारत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मित्रांपैकी अजून कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

दार लावून ती आत आली, तेव्हा तो पोह्यांची बशी तशीच धरून बसला होता.

“रस्ता वळतो ना, तिथेच उभी राहीन मी,” ती म्हणाली. “चारही फेऱ्यांना.”

“राहा. पण शेवटी शेवटी मी ओळख दाखवली नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “नुसता हात कर, आणि कुठे वळायचं ते सांग.”