चाळिसावा बाप्तिस्मा

कोरियाहून आलेले धर्मबंधू तळ्याच्या काठावर कॅमेरे सरसावून उभे होते. वर्षाकाठी चाळीस बाप्तिस्मे झाले नाहीत, तर कंबोडियातले मिशन बंद करायचे, असा ठराव त्यांच्या खिशात होता. एकोणचाळीस आत्मे तरले होते. कमरेइतक्या पाण्यात मिशनप्रमुख पास्टर ह्वांग अस्वस्थपणे चाळिसाव्याची वाट पाहत होते. उतरली ती सोखोम आजी, गतवर्षी त्यांनीच बुडवलेली. “आजी, हे आयुष्यात एकदाच असतं,” ते पुटपुटले. “विहारात भिक्खू दर सणाला पाणी शिंपडतात, गुरुजी. आशीर्वाद कधी जास्त होतो का? आणि तुम्हाला परत धाडतील म्हणून तुमची बायको रडत होती.” पास्टरांनी अकरा वर्षांचा उपदेश बाजूला सारला. डोळे मिटून त्यांनी तिला बुडवले. काठावर टाळ्या कडाडल्या. आजीने तोंड पुसले. “झालं ना? की सुनेलाही हाक मारू? तीही गेल्या वर्षीच बुडली, तेव्हापासून कोरडीच आहे!”