पटाचा फोटो

धानोऱ्याच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, गोविंदाभाऊचे आणि सुनीलचे बैल शेवटच्या दोरीवर एकदमच आले. पंच म्हणाले, निकाल फोटोवर. गोविंदाभाऊ तर जिंकल्याच्या गुलालाच्या थैलीचं तोंड सोडूनच उभे होते.

फोटोवाल्या भूपेशला पंचांनी सकाळीच बजावलं होतं, "बैल धावतेत राजा, मोड स्पोर्ट्सचा ठेवजो." आता सगळे कॅमेऱ्यावर वाकले. बैलांच्या जागी दोन पांढरे फराटे होते. मागे कुंपणाशी मात्र गोविंदाभाऊची लेक डिंपल इतकी लख्ख आली होती की झुमक्यातले मणी मोजून घ्यावेत.

"बैल कुठी आहेत बे?" गोविंदाभाऊ गरजले.

"पोर्ट्रेट मोड राह्यला, भाऊ. माहीच चूक."

पंच भूपेशला हाकलणारच होते, तेवढ्यात गोविंदाभाऊंनी कॅमेरा पुन्हा डोळ्याजवळ नेला. कुंपणावरची झाडून सगळी तोंडं बैलांकडे वळलेली होती, एकटी डिंपल सरळ कॅमेऱ्यात पाहून हसत होती.

"डिंपे, बाप जितून राह्यला होता, अन् तू कुठी पाहून राह्यली होती?"

डिंपल ओढणीत तोंड लपवून पळाली. पंचांनी गोविंदाभाऊंच्या हातातून थैली घेतली आणि सगळा गुलाल भूपेशच्या डोक्यावर ओतला.