बागेवरची जाळी

धाकट्या जावेची सफरचंदाची बाग होती आणि कुंपणापलीकडे थोरलीच्या मधमाश्यांच्या पेट्या. थोरलीच्या मधाचं कुणी कौतुक केलं की धाकटीच्या पोटात दुखायचं. "फुलं माझी, पाणी मी घालायचं, आणि मध मात्र जाऊबाईंचा!"

यंदा बहर येताच तिने सगळ्या झाडांवर बारीक जाळी ताणून बसवली. थोरली कुंपणाशी येऊन म्हणाली, "अगं, माझ्या माश्या काय, दुसरीकडे जातील. पण फुलावर माशी बसलीच नाही, तर तुला फळ कसं धरेल?"

"आता माझी काळजी वाटायला लागली होय!" असं म्हणत धाकटीने जाळीची गाठ आणखी आवळली.

तोडणीच्या दिवसांत तिच्या बागेत नुसती पानंच पानं होती. थोरलीच्या अंगणातली सफरचंदाची दोन-चार झाडं मात्र फळांनी वाकली होती. थोरलीने टोपलीभर सफरचंदं धाकटीच्या ओट्यावर आणून ठेवली.

तिची पाठ वळताच धाकटी नवऱ्याला म्हणाली,

"बघितलंत? शेवटी तुमच्या वहिनींची दृष्ट लागलीच माझ्या बागेला!"