टेकडीचं नाव

"अगं, मागचं दार लाव आधी! तो खाली येतोय." वाइनवाला दबक्या आवाजात खेकसला आणि उरलेल्या बाटल्याही त्यानं गरम पाण्याच्या टबात बुडवल्या. लेबलं सुटून वर तरंगू लागली. प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत एकच शब्द. शॅम्पेन.

शॅम्पेन म्हणजे फ्रान्समधला एक प्रांत. तिथं बनेल त्या वाइनलाच ते नाव, बाकी कुणी लावलं तर माल जप्त, असं त्याच्या कानावर आलं होतं. पण वडिलांपासून या घरची फेसाळ वाइन त्याच नावावर खपत होती. आणि आज हा कोण कुठला पाहुणा सकाळपासून टेकडीवर फिरत होता. मातीचं ढेकूळ फोडून बघत होता, द्राक्षाचा मणी चाखत होता. खरेदीचं मात्र अवाक्षर नाही.

"तिकडच्यांचाच माणूस. बूट बघ त्याचे!"

"बुटांना आपलीच माती लागलीय," बायको म्हणाली. "तुम्हाला आता मांजर शिरलं तरी इन्स्पेक्टर दिसेल."

पाहुणा आत आला. ओल्या, उघड्याबोडक्या बाटल्या तो निरखत राहिला. वाइनवाल्यानं घाईघाईनं टबावर पोतं ओढलं.

"लेबल लावत नाही?"

"छे हो! आम्ही साधी माणसं. आम्हाला कशाला हवंय नाव?"

पाहुण्यानं पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर याच टेकडीचं नाव होतं, टेकडीच्या चित्रासकट.

"लांबच्या एका कारखान्याची आहे. तिथं टेकडी सोडा, साधा उंचवटा नाही. मी सरकारी माणूस. मालावरची खोटी नावं शोधतो."

वाइनवाला ताडकन उठला. "आमच्या टेकडीचं नाव? त्यांच्या बापाचं आहे का? टाळं ठोका त्या कारखान्याला!"

"ठोकतो की. फक्त हे नाव तुम्ही आधीपासून लावता, एवढं दिसलं पाहिजे. त्या नावाची तुमची एखादी बाटली द्या. जुनी, रिकामी, कसलीही चालेल."

वाइनवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं टबाकडे.

"एकही नाही, साहेब," शेवटी तीच म्हणाली. "आमच्या टेकडीचं नाव बाटलीवर लावण्यासारखं आहे, हे पहिल्यांदा त्या चोरालाच कळलं."